टॅब बंद करताना होणारा गोंधळ: एक्स्टेन्शनने काय जमतं आणि काय जमत नाही

शाहूपुरीत एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करणाऱ्या ताईंनी विचारलंय. क्रोम वापरतात, दिवसभर पंधरा-वीस टॅब उघडे असतात आणि तीन गोष्टींनी पार वैतागल्यात. शेवटचा टॅब बंद केला की अख्खं क्रोमच बंद होतं. मधला एखादा टॅब बंद केला की आधी जिथे काम चाललं होतं तिकडे न जाता भलत्याच टॅबवर उडी पडते. आणि कंट्रोल डब्ल्यू चुकून दाबलं गेलं की टॅब बंद होऊन भरत आणलेला फॉर्म जातो. हे सगळं सरळ करणारं एकच एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, सांगा, असं त्यांचं म्हणणं आहे.

ताई, असं एकच एक्स्टेन्शन नाही, आणि कुणी आहे म्हणून सांगितलं तर ते टाकायच्या आधी खालचं सगळं वाचा. मी कोल्हापुरात ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्यांचे, मार्केट यार्डातल्या गूळ व्यापाऱ्यांचे, काही सीए लोकांचे, आणि लागेल तिथे त्यांच्यासाठी छोटी एक्स्टेन्शन लिहूनही देतो. टॅबची तक्रार बहुतेक सगळ्यांची असते पण प्रत्येकाला वाटतं आपलाच कॉम्प्युटर बिघडलाय. बिघडलेला नसतो. ब्राउझर त्याच्या नियमाने वागत असतो, फक्त तो नियम आपल्याला कुणी सांगितलेला नसतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. टॅब बंद होतोय हे एक्स्टेन्शनला आधी कळत नाही, बंद झाल्यावर कळतं. क्रोम काय, एज काय, फायरफॉक्स काय, सगळ्यांनी एक्स्टेन्शनला जो निरोप ठेवलाय तो 'ऑन रिमूव्ह्ड' नावाचा आहे, म्हणजे टॅब गेला, आता तुला काय करायचं ते कर. केएमटी सुटल्यावर स्टॉपवर पोचणाऱ्या माणसासारखी त्याची अवस्था असते, पुढच्या बसची सोय करता येते पण गेलेली थांबवता येत नाही. 'टॅब बंद होणार आहे, होऊ देऊ का' असं विचारणारा निरोपच नाही. त्यामुळे 'टॅब लॉक करतो, बंदच होऊ देत नाही' असं म्हणणारं एक्स्टेन्शन आतून दोनपैकी एक काम करत असतं, एकतर बंद झालेला टॅब लगेच परत उघडतं, नाहीतर पानाच्या आत शिरून पानाकडूनच 'खरंच जायचंय का' असं विचारायला लावतं. दोन्हीच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या पुढे येतील.

जुनी माणसं म्हणतील की फायरफॉक्समध्ये टॅब मिक्स प्लस नावाचं एक्स्टेन्शन होतं, त्यात सगळं व्हायचं. खरंय, व्हायचं. टॅब लॉक, प्रोटेक्ट, डबल क्लिकने बंद, बंद केल्यावर कुठे जायचं, टॅबच्या दोन-तीन रांगा, सगळं. पण तेव्हाची एक्स्टेन्शन थेट ब्राउझरच्या पोटात हात घालायची, टॅबची पट्टी जिथे बनते तिथला कोडच बदलायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि ती जुनी पद्धत बंद झाली, कारण प्रत्येक नवीन व्हर्जनला काहीतरी मोडायचं आणि असं एक्स्टेन्शन मनात आणेल ते करू शकायचं. आता एक्स्टेन्शनला ठरावीक दारंच उघडी आहेत आणि टॅबची पट्टी त्या दारांच्या पलीकडे आहे. टॅबवरचं फुलीचं बटण हलवणं, लपवणं, त्याचं काम बदलणं हे आजच्या एक्स्टेन्शनच्या हातात नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी ब्राउझरची स्वतःची सेटिंग धुंडाळा, तिथे नसेल तरच एक्स्टेन्शनकडे जा.

आता पहिली तक्रार, शेवटचा टॅब बंद केला की अख्खी विंडो जाते. फायरफॉक्समध्ये याला एक्स्टेन्शन लागतच नाही. पत्त्याच्या पट्टीत अबाउट, मग कोलन, मग कॉन्फिग असं टाइप करून एंटर मारा, ते एक इशारा दाखवेल, तो स्वीकारा, आणि वरच्या शोधायच्या जागेत 'क्लोज विंडो विथ लास्ट टॅब' हे इंग्रजीत, सगळे शब्द जोडून, मधे जागा न सोडता टाका. एकच ओळ येईल, तिची किंमत ट्रू असते, ती डबल क्लिक करून फॉल्स करा. झालं. आता शेवटचा टॅब बंद केला तर रिकामा टॅब येतो, विंडो जागेवर राहते. विवाल्डी नावाचा आणखी एक ब्राउझर आहे, त्यात तर हे सरळ सेटिंगमधल्या टॅबच्या पानावरच आहे.

क्रोममध्ये हे सेटिंग नाही. इथे एक्स्टेन्शन काय करतं तर विंडोत एकच टॅब उरलाय असं दिसलं की आधीच डावीकडे एक पिन केलेला रिकामा टॅब उघडून ठेवतं, म्हणजे तुम्ही ज्याला शेवटचा समजून बंद करता तो खरा शेवटचा नसतोच. शेवटचा गेल्यावर हालचाल करून उपयोग नाही, कारण तोपर्यंत विंडो बंद व्हायला लागलेली असते, आणि ती एकमेव विंडो असेल तर क्रोम आवरायला घेतलेलं असतं. म्हणून कुठलंही 'कीप लास्ट टॅब' छाप एक्स्टेन्शन निवडताना ते हा आधी उघडून ठेवायचा मार्ग वापरतं का ते बघा. वापरत असेल तर टॅबच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात एक बारका टॅब कायम दिसत राहील, त्याला हात लावू नका.

एक्स्टेन्शन न टाकता अर्धं काम हातानेही होतं. रोज लागणारं एखादं पान उघडा, टॅबवर राइट क्लिक करून पिन करा. पिन केलेल्या टॅबला फुलीचं बटण नसतं आणि 'बाकीचे टॅब बंद करा' म्हटलं तरी तो राहतो. पण क्रोममध्ये त्या टॅबवर असताना कंट्रोल डब्ल्यू दाबलं तर पिन केलेला टॅबही जातो, पिन म्हणजे कुलूप नव्हे, हे पुष्कळांना माहीतच नसतं. आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये 'ऑन स्टार्टअप' आहे तिथे 'जिथे थांबलो तिथून पुढे' हा पर्याय चालू करा, म्हणजे विंडो गेली किंवा लाईट गेली तरी पुढच्या वेळी टॅब परत येतात. फक्त एक लक्षात घ्या, हा पर्याय चालू असला की क्रोम बंद करून उघडल्यावर बऱ्याच साइटवरचं लॉगिनही तसंच राहू शकतं, कारण एरवी ब्राउझर बंद होताना पुसल्या जाणाऱ्या कुकीजही, म्हणजे तुम्हाला ओळखायला साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदीही, तो जपून ठेवतो. ऑफिसात एक मशीन तिघं वापरत असतील तर हे नको.

दुसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण दिवसभरातला खरा वेळ इथे जातो. टॅब बंद केल्यावर क्रोम कुठे जातं? साधा हिशेब असा की एखाद्या पानावरून तुम्ही लिंक नव्या टॅबमध्ये उघडली, तर क्रोम नातं लक्षात ठेवतं की हा टॅब त्याच्यातून जन्मला. तो बंद केला की त्याने स्वतः उघडलेला एखादा टॅब असेल तर तिकडे, नाहीतर त्याच मूळ पानातून उघडलेला पुढचा भावंड टॅब असेल तर तिकडे, तोही नसेल तर मूळ पानाकडे. आणि काहीच नातं नसेल तर उजवीकडच्या टॅबवर, उजवीकडे कुणी नसेल तर डावीकडच्या. आता गोची इथे होते की मधे तुम्ही हाताने दुसऱ्या टॅबवर जाऊन आलात की ही नाती क्रोम विसरून जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही एका क्लायंटचं रिटर्नचं पान उघडलं, त्यातून चलनाचं पान नव्या टॅबमध्ये उघडलं, मधेच मेल बघून आलात, आणि चलनाचा टॅब बंद केला तर रिटर्नच्या पानावर न जाता उजवीकडे जे काय असेल त्याच्यावर जाऊन पडता. तुम्हाला वाटतं क्रोम मनाला येईल तसं वागतंय, पण ते नियमानेच वागतंय, फक्त तो नियम तुमच्या कामाच्या पद्धतीला सोयीचा नाही.

तुम्हाला हवंय ते म्हणजे 'शेवटी ज्या टॅबवर होतो तिथे परत'. विवाल्डीत हे सेटिंगमध्येच मिळतं, डावीकडे जायचं, अलीकडे वापरलेल्यावर जायचं की नात्यातल्या टॅबवर, ते तिथे निवडता येतं. ब्राउझर बदलायची तयारी असेल तर माझी पहिली शिफारस हीच, कारण तो आतून क्रोमच्याच क्रोमियम पायावर उभा आहे आणि क्रोमची बहुतेक एक्स्टेन्शन त्यात चालतात. फायरफॉक्समध्ये अबाउट कॉन्फिगमधलं 'सिलेक्ट ओनर ऑन क्लोज' हे मूळ टॅबकडे परतण्याचं सेटिंग आहे, ते आधीपासून चालूच असतं, बंद केलं तर नातं न बघता उजवीकडे जातं. डावीकडे किंवा शेवटच्या वापरलेल्यावर जायला मात्र तिथेही एक्स्टेन्शन लागतं.

क्रोममध्ये असं एक्स्टेन्शन काय करतं ते समजून घ्या, म्हणजे चांगलं-वाईट ओळखता येईल. तुम्ही एखाद्या टॅबवर गेलात की 'ऑन अॅक्टिव्हेटेड' असा निरोप येतो, एक्स्टेन्शन प्रत्येक विंडोसाठी एक यादी ठेवतं, कुठून कुठे गेलात त्याची. टॅब बंद झाल्याचा निरोप आला की यादीतला आधीचा टॅब काढतं आणि त्याला पुढे आणतं. ऐकायला सोपं, पण दोन ठिकाणी बहुतेक एक्स्टेन्शन लंगडतात.

पहिलं म्हणजे एक्स्टेन्शनचा नंबर लागायच्या आधी क्रोमने स्वतःच्या नियमाने एक टॅब पुढे आणलेला असतो, त्याचाही 'अॅक्टिव्हेटेड' निरोप येतो, आणि तो यादीत शिरला की यादी नासते. चांगलं लिहिलेलं एक्स्टेन्शन हे दोन निरोप कुठल्याही क्रमाने आले तरी सांभाळून घेतं. शिवाय यातूनच ती क्षणभराची लुकलुक येते, आधी भलता टॅब दिसतो आणि मग बरोबरचा. ही लुकलुक कुठलंच एक्स्टेन्शन पूर्ण घालवू शकत नाही. आणि तिचा खरा त्रास डोळ्यांना नाही. मधे जो भलता टॅब क्षणभर पुढे आला तो जर मेमरी वाचवायला झोपवलेला असेल तर तो तेवढ्यात जागा होतो आणि पान पुन्हा लोड व्हायला लागतं. चार जीबी रॅमच्या मशीनवर पंधरा-वीस टॅब असले की हे जाणवतं, आणि लोकं म्हणतात एक्स्टेन्शन टाकल्यापासून कॉम्प्युटर स्लो झाला.

दुसरं, क्रोमच्या आताच्या पद्धतीत, ज्याला मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात, एक्स्टेन्शनचा मागे चालणारा भाग कायम जागा नसतो. साधारण ३० सेकंद काही काम नसलं की क्रोम तो बंद करून टाकतं. त्याने यादी नुसती स्वतःच्या डोक्यात ठेवली असेल तर ती गेली. तुम्ही एका पानावर पाच मिनिटं आकडे भरत बसलात, मग टॅब बंद केला, आणि एक्स्टेन्शनला काहीच आठवत नाही. 'कधी चालतं, कधी चालत नाही' अशी तक्रार असली की नव्वद टक्के वेळा हेच असतं असं मी न बघता सांगेन. यादी ब्राउझरच्या सेशन स्टोरेजमध्ये ठेवली की प्रश्न मिटतो. तुमच्या ओळखीत कुणी लिहिणारा असेल तर त्याला एवढं एकच वाक्य सांगा, तो समजेल.

जुनी एक्स्टेन्शन अचानक बंद का पडली याचंही उत्तर इथेच आहे. मॅनिफेस्ट व्ही टू, म्हणजे याच्या आधीच्या पद्धतीने लिहिलेल्या एक्स्टेन्शनबद्दल क्रोमने जून २०२४ पासून इशारे द्यायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये ती बंद करून टाकली. ज्यांच्या लेखकाने नवीन पद्धतीने लिहायचे कष्ट घेतले नाहीत ती गेली, त्यात टॅबवाली बरीच होती.

आता तिसरी तक्रार, कंट्रोल डब्ल्यू. इथे मी वर सांगितलेल्या नियमाला एक पळवाट आहे आणि ती फार कामाची आहे. टॅब बंद होणं अडवता येत नाही, पण ते बटण अडवता येतं. पानाच्या आतलं जावास्क्रिप्ट साध्या टॅबमध्ये कंट्रोल डब्ल्यू अडवू शकत नाही, क्रोम ते त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. पण क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर डावीकडच्या मेनूत 'कीबोर्ड शॉर्टकट्स' आहे, तिथे तुमच्याकडच्या एक्स्टेन्शनची कामं दिसतात आणि प्रत्येकाला बटणं जोडता येतात. एखाद्या निरुपद्रवी कामाला तिथे कंट्रोल डब्ल्यू जोडून टाका, म्हणजे ते बटण दाबल्यावर ते काम होतं आणि टॅब बंद होत नाही. बाजूला 'इन क्रोम' की 'ग्लोबल' असं विचारतं, तिथे 'इन क्रोम'च ठेवा. मुद्दाम बंद करायचा असेल तेव्हा विंडोजवर कंट्रोल एफ फोर आहेच, किंवा टॅबवर माऊसच्या मधल्या चाकाने क्लिक. क्यू, ई आणि एस ही बटणं डब्ल्यूला चिकटून आहेत, कंट्रोल एस दाबायला गेलं आणि डब्ल्यू लागलं हे तर रोजचंच, त्यामुळे टायपिंगचं काम करणाऱ्या प्रत्येक मशीनवर मी हे करूनच देतो.

फुलीचं बटण मात्र असं अडवता येत नाही. त्यासाठी पानाकडूनच विचारणा करवावी लागते. 'बिफोर अनलोड' म्हणून सोय आहे, पानाने ती लावली असेल तर जाताना ब्राउझर विचारतो, साइट सोडायची का. यातला मजकूर आपल्याला ठरवता येत नाही, पूर्वी यायचा, पण फसव्या साइट त्यात वाटेल ते लिहायला लागल्या म्हणून क्रोमने ५१ व्या व्हर्जनपासून स्वतःचंच ठरलेलं वाक्य दाखवायला सुरुवात केली. आणि पानावर तुम्ही किमान एकदा क्लिक किंवा टाइप केलेलं असलं पाहिजे, नुसत्या उघडलेल्या पानाला विचारायचा हक्क नाही. फॉर्म भरताना तुम्ही टाइप केलेलं असतंच, त्यामुळे तुमचं काम होतं. ज्या साइटने ही सोय स्वतः लावलेली नाही तिथे एक्स्टेन्शन ती लावू शकतं, पण त्याला त्या साइटच्या पानात शिरायची परवानगी द्यावी लागते. शिवाय ही विचारणा टॅब बंद करतानाच येते असं नाही, पान रिफ्रेश करताना, दुसऱ्या मेनूवर जाताना, कधी सबमिट करतानाही येते, आणि दर क्लिकला तोच प्रश्न आला की माणूस न वाचता होय म्हणायला शिकतो, मग ती असून नसल्यासारखीच. म्हणून पानावर काही टाइप झालं असेल तरच विचारणारं आणि ठरावीक साइटपुरतंच चालणारं असेल तर घ्या, सरसकट सगळीकडे चालणारं घेऊ नका.

टॅब गेलाच तर कंट्रोल शिफ्ट टी दाबा, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्यातून काय परत येतं आणि काय येत नाही ते वेगळं आहे. पानाचा पत्ता आणि मागे-पुढेची हिस्टरी येते. भरलेला मजकूर फायरफॉक्समध्ये बऱ्याचदा येतो, क्रोममध्ये त्याच्या भरवशावर राहू नका, आणि लॉगिनच्या आतली पानं तर पुष्कळदा पहिल्या पानावर नेऊन सोडतात. क्रोमच्या इन्कॉग्निटो विंडोतला टॅब तर परत येतच नाही. फायरफॉक्स आधीच ठरवल्याप्रमाणे शेवटचे २५ बंद टॅब लक्षात ठेवतो, आकडा वाढवता येतो. क्रोमही एक्स्टेन्शनला अलीकडे बंद केलेल्यातले जास्तीत जास्त २५ च देतं, त्यामुळे 'अमर्याद टॅब परत आणतो' म्हणणारं एक्स्टेन्शन स्वतः वेगळी नोंद ठेवत असतं, म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात ती सगळी नोंद. ते ठीक वाटत असेल तरच वापरा.

आणि परवानगीचा विषय मी थोडक्यात उरकणार नाही, कारण तुमच्या ऑफिसात दुसऱ्यांचे पॅन, जीएसटी नंबर, बँकेचे खाते नंबर रोज स्क्रीनवर असतात. टॅब पुढे आणणं, बंद करणं, नवीन उघडणं, एवढ्या कामाला क्रोम कुठलीच खास परवानगी मागत नाही. पानाचा पत्ता आणि नाव बघायचं असेल तर 'टॅब्स' परवानगी लागते आणि ती असली की टाकताना क्रोम सांगतं की हे तुमची ब्राउझिंग हिस्टरी वाचू शकतं. आणि 'सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकतं' असं आलं तर ते पानात शिरतं, तुम्ही टाइप केलेलंही बघू शकतं. आता विचार करा, 'टॅब बंद केल्यावर डावीकडे जा' एवढंच करणाऱ्या एक्स्टेन्शनला शेवटची परवानगी कशाला हवी? मागत असेल तर टाकू नका. ज्याला पानात शिरणं खरंच गरजेचं आहे त्याच्या डिटेल्समध्ये जाऊन 'साइट अॅक्सेस' आहे तिथे 'ठरावीक साइटवरच' निवडा.

हे नुसतं भीती घालायला सांगत नाही. द ग्रेट सस्पेंडर म्हणून एक्स्टेन्शन होतं, न वापरातले टॅब झोपवायचं, वीस लाखांवर लोकं वापरायची, चांगलंच होतं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याच कुणाला विकलं, नवा मालक कोण ते कुणाला कळलं नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात मालवेअर आहे म्हणून ते सगळ्यांच्या क्रोममध्ये एकदम बंद केलं. त्याने झोपवलेले टॅब मुळात त्या एक्स्टेन्शनच्याच पानावर असायचे, त्यामुळे ते बंद पडताच लोकांचे ते सगळे टॅब गेले. खरा पत्ता त्या लांबलचक पत्त्याच्या शेवटी असायचा, हिस्टरीत शोधून तो एकेक करून काढत बसावं लागलं. यातून माझ्या कामाची एक पद्धत ठरली. जे काम ब्राउझर स्वतः करतो त्याला एक्स्टेन्शन टाकत नाही. डिसेंबर २०२२ पासून क्रोममध्ये मेमरी सेव्हर आलंय, सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' खाली आहे, ते चालू करा आणि तुमची पोर्टलं 'नेहमी चालू ठेवा' च्या यादीत घाला. पिन केलेले टॅब आणि अर्धवट भरलेले फॉर्म असलेले टॅब ते शक्यतो झोपवत नाही. एजमध्ये स्लीपिंग टॅब्स आहेत. जुनी टॅब आपोआप बंद करणारं हवंच असेल तर टॅब रँग्लर आहे, ते बंद केलेल्यांची यादी ठेवतं, पण तुमच्यासारख्या ऑफिसात आपोआप बंद होणारं काहीच नको असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही विचारलेलं नाही पण टॅक्सच्या ऑफिसात हे होतंच म्हणून सांगतो. एका टॅबमध्ये एका क्लायंटचं लॉगिन आणि दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्या क्लायंटचं केलं की पहिला बाहेर पडतो किंवा त्याच्या टॅबमध्ये दुसऱ्याचंच खातं दिसायला लागतं. टॅब वेगळे असले तरी कुकीज एकच असतात, साइटला दोन्ही टॅब एकच माणूस वाटतो. इथे टॅबची एक्स्टेन्शन काही कामाची नाहीत. क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा, उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावरून होतं, प्रत्येकाला वेगळा रंग द्या. फायरफॉक्समध्ये मोझिलाचं स्वतःचं मल्टी अकाउंट कंटेनर्स आहे, ते एकाच विंडोत टॅबनिहाय वेगळ्या कुकीज ठेवतं आणि टॅबवर रंगाची रेघ दाखवतं. एकाच वेळी तीन-चार क्लायंट उघडे ठेवायचे असतील तर याच्याइतकं कामाचं मी दुसरं काही बघितलेलं नाही, फक्त यासाठी मी दोन ऑफिसांना फायरफॉक्सवर आणलंय.

आणि शेवटच्या वापरलेल्या टॅबवर परतणारं चांगलं एक्स्टेन्शन मिळालं नाही तर ते लिहून घेणं अवघड नाही. एका फोल्डरमध्ये दोन फाइली, एक मॅनिफेस्ट आणि एक मागे चालणारी, कोड एका पानात मावतो, परवानगी फक्त स्टोरेजची. क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून 'लोड अनपॅक्ड' म्हणायचं आणि फोल्डर दाखवायचं. फोल्डर नंतर हलवायचं किंवा पुसायचं नाही, नाहीतर एक्स्टेन्शन जातं. याचा मोठा फायदा असा की ते आपोआप अपडेट होत नाही, कुणी विकत घेऊन त्यात काही घालू शकत नाही. कॉम्प्युटर शिकणारा कॉलेजचा पोरगाही हे एका संध्याकाळी करून देईल.

काहीही बसवायचं ते महिन्याच्या २३-२४ तारखेनंतर करा, ११ आणि २० च्या आसपास रिटर्नची घाई असते तेव्हा मशीनला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस त्याच्यावर काम करून बघा. कंट्रोल डब्ल्यूचा बंदोबस्त आधी, दोन मिनिटांचं काम आहे. तपासताना चार साधी पानं उघडा, एकातून लिंक नव्या टॅबमध्ये उघडा, मधे दुसऱ्या टॅबवर जाऊन या, मग किमान एक मिनिट कशालाही हात न लावता थांबा आणि मगच टॅब बंद करा. थांबल्यावरही बरोबर टॅबवर गेलं तर ते एक्स्टेन्शन ठेवा, नाहीतर काढून टाका. आणि क्रोमचं व्हर्जन किती आहे, विंडोज कुठलं आहे आणि मशीन एकट्या तुम्हीच वापरता की अजून कुणी, एवढं कळवा, म्हणजे प्रोफाइल की कंटेनर ते नेमकं सांगता येईल.